परड्यातली कंदमुळं : मातीखालचं पीक तयार झालं हे वरून कसं ओळखायचं?

वांगं पिकलं की दिसतं, मिरची लाल झाली की कळतं. कंदमुळांचं तसं नाही. सगळा माल मातीखाली. त्यामुळे परड्यात कंद लावणारे पुष्कळ असले तरी काढणीच्या वेळी गडबड होते. कुणी सुरण हिरवा असतानाच खणतो आणि मग घशाला खाज सुटते. कुणी मुळा ठेवून ठेवतो आणि तो आतून पोकळ निघतो. रताळं उशिरा काढलं तर निम्म्या रताळ्यांना भोकं पडलेली असतात.

कंदमुळांच्या बाबतीत दोनच गोष्टी नीट जमल्या पाहिजेत. लागवडीआधी माती भुसभुशीत करणं, आणि पानं-वेल काय सांगतात ते बघून वेळेवर खणणं. मधली मेहनत फार नाही. कोकणातल्या लाल मातीत, जास्त पावसात आणि कमी जागेत घरापुरती कंदमुळं कशी घ्यावीत याची ही माहिती.

आधी जमीन

कोकणात जांभ्या दगडाची लाल माती. बऱ्याच घरांमागे फूटभर खणलं की कातळ लागतो. मूळ खाली जाताना दगड लागला की ते वाकतं किंवा त्याला दोन-तीन फाटे फुटतात. फाटे फुटलेलं गाजर, वाकडा मुळा हे बियाण्याचं खोट नसून बहुतेक वेळा मातीचं असतं.

त्यावर उपाय गादीवाफा. माती टिकावाने उकरून दगड-खडे वेचून काढावेत आणि आजूबाजूच्या जमिनीपेक्षा फूटभर उंच वाफा करावा. रुंदी साधारण तीन फूट ठेवली की दोन्ही बाजूंनी हात पोचतो, वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. पावसाळ्यात लावायच्या कंदांना तर उंच वाफा हवाच. एक-दोन दिवस जरी पाणी तुंबलं तरी कंद कुजायला लागतो.

शेणखत चांगलं कुजलेलं घालावं. हात घातला तर गरम लागणारं, वास येणारं शेणखत कंदमुळांना चालत नाही. ताज्या शेणाने गाजर-मुळ्याला फाटे फुटतात आणि हुमणीच्या अळ्याही त्यातूनच येतात. खत वाफ्यात मिसळताना पांढऱ्या, वाकड्या अळ्या दिसल्या तर वेचून कोंबड्यांना टाकाव्यात.

चुलीतली लाकडाची राख थोडी-थोडी मातीत मिसळावी. तिच्यात पालाश असतं आणि कंद पोसायला तेच लागतं. उलट युरियाचा हात सैल सोडला तर वर पाला भरमसाट येतो आणि खाली काही नसतं. रताळ्याचा वेल अंगणभर पसरला आणि खणल्यावर बोटाएवढी मुळं निघाली, असं झालं तर बहुतेक वेळा कारण हेच.

पाण्याबद्दल एक काळजी. मोरीचं, भांडी धुतलेलं पाणी बरेच जण परड्यात सोडतात. अळू, केळीला ते चालून जातं. पण मुळा, गाजर आपण कच्चं खातो. त्या वाफ्याला विहिरीचं किंवा नळाचं स्वच्छ पाणीच द्यावं. शौचालयाच्या टाकीचं पाणी झिरपतं त्या जागी तर ही पिकं घेऊच नयेत.

माती नाही, नुसता कातळ आहे, अशा घरांनी गोणीत लागवड करावी. तांदळाच्या किंवा खताच्या रिकाम्या गोणीला खाली चार-सहा भोकं पाडावीत. तळाला सुका पालापाचोळा आणि वर माती व शेणखत मिसळून भरावं. सुरण, कोनफळ, अळकुड्या गोणीत छान येतात. काढणीला पहारही लागत नाही. गोणी आडवी करून रिकामी केली की झालं.

मुळा : उशीर केला की पोकळ

सगळ्यांत लवकर हाताशी येणारं पीक. पाऊस ओसरला की सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत दर पंधरा दिवसांनी थोडं-थोडं बी टाकावं. सगळं बी एकदम टाकलं तर सगळा मुळा एकदम तयार होतो आणि अर्धा जून होतो. बी साधारण एक सेंटीमीटर खोल, दोन ओळींत एक फूट अंतर. रोपं चार बोटं झाली की विरळणी करून दोन रोपांत आठ-दहा सेंटीमीटर जागा ठेवावी. उपटलेल्या रोपांची भाजी होते.

कोकणात हवा उबदार, म्हणून उष्णता सोसणारी ‘पुसा चेतकी’सारखी जात बरी. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत मुळा तयार होतो. मातीच्या वर पांढरा खांदा दिसायला लागला की एक उपटून बघावा. करकरीत तुटला तर काढणी सुरू करावी. पानांच्या मधून दांडा वर यायला लागला तर समजावं की मुळा आता पोकळ, तिखट आणि दोरेदार होणार. अशी दोन-चार झाडं उपटायची नाहीत. त्यांना फुलं येऊन शेंगा धरतात. त्या कोवळ्या शेंगा म्हणजे डिंगऱ्या, त्यांची भाजी करावी. संकरित नसलेल्या जातीच्या काही शेंगा झाडावरच वाळू दिल्या तर पुढच्या वर्षीचं बीही घरचंच.

गाजर आणि बीट : थंडीतलं पीक

गाजराला रंग आणि गोडी येते ती थंडीत. किनाऱ्यालगत थंडी कमी, म्हणून पेरणी ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरात करावी. म्हणजे गाजर पोसायच्या वेळी डिसेंबर-जानेवारीचा गारवा मिळतो. ‘पुसा केसर’ ही जात आपल्या हवेत जमते.

गाजराचं रोप करून लावू नये. मूळ दुखावलं की वाकडं होतं. बी थेट वाफ्यातच पेरावं. बी बारीक असतं, म्हणून कोरड्या वाळूत मिसळून ओळीत सोडावं आणि वर पातळ माती सारावी. उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात. तेवढ्यात वाफा सुकला तर बी वाया जातं. त्यामुळे पहिले काही दिवस वर ओलं गोणपाट टाकून ठेवावं आणि कोंब दिसताच ते काढून घ्यावं. पुढे दोन रोपांत सात-आठ सेंटीमीटर जागा ठेवावी.

गाजराचा वरचा भाग उघडा पडला की उन्हाने हिरवा आणि कडवट होतो. मधूनमधून माती ओढून तो झाकावा. साधारण तीन महिन्यांत गाजर तयार होतं. डोक्याजवळची माती बोटाने बाजूला करून जाडी बघावी. अंगठ्यापेक्षा जाड झालं असेल तर काढायला हरकत नाही. आदल्या संध्याकाळी वाफ्याला पाणी दिलं की उपटताना तुटत नाही.

बिटाचं जे बी म्हणून मिळतं तो खरं तर दोन-तीन बियांचा गुच्छ असतो. म्हणून एका जागी दोन-तीन रोपं उगवतात. त्यातलं जोमदार एक ठेवून बाकीची काढावीत, नाहीतर एकही बीट धड पोसत नाही. बी रात्रभर पाण्यात भिजवून पेरलं की लवकर उगवतं. दोन ते अडीच महिन्यांत बीट लिंबापेक्षा मोठं, मुठीपेक्षा थोडं लहान झालं की काढावं. फार मोठं होऊ दिलं तर आत पांढरे, चिवट कडे तयार होतात. पाला कापताना बिटाला दोन बोटं देठ राहू द्यावा. अगदी बुडाशी कापलं तर शिजवताना लाल रस निघून जातो. कोवळ्या पाल्याची भाजी होते, तो टाकू नये.

रताळं : सणाचं गणित लागवडीतच

रताळं लावायला बी नको, कंदही नको. वेलाच्या शेंड्याकडचा वीतभर तुकडा पुरे. त्याला तीन-चार डोळे असावेत. मधले दोन डोळे मातीत आणि शेंडा वर, असा वरंब्यावर लावावा. दोन वरंब्यांत दोन फूट, दोन तुकड्यांत एक फूट अंतर. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अश्विनी’ ही जात कोकणासाठीच दिलेली आहे. आतून केशरी असलेली ‘भू सोना’ ही जात केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने दिली आहे. केशरी रताळ्यात, गाजरात असतं तसं, शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व तयार करणारं द्रव्य भरपूर असतं. लहान मुलांच्या घरी ते लावण्यासारखं आहे.

पीक साडेतीन ते चार महिन्यांचं. उपासाला रताळं हवं असेल तर मागे मोजून लावावं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेलं महाशिवरात्रीला मिळतं. आषाढीसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये लावून पाणी द्यावं लागतं. जूनच्या सुरुवातीला लावलं तर नवरात्राच्या सुमाराला तयार होतं.

वेल पसरला की त्याच्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात आणि तिथे बारीक-बारीक रताळी धरतात. म्हणून महिन्या-दीड महिन्याने एकदा वेल उचलून उलटा टाकावा. ताकद मग मूळ गड्ड्याकडे जाते.

पानं पिवळी पडून गळायला लागली की एका कडेचं रताळं काढून कापावं. कापलेल्या जागी आलेला चीक लवकर वाळून पांढराच राहिला तर रताळं तयार. कापलेला भाग हिरवट-काळा पडला तर अजून आठ-दहा दिवस थांबावं.

मात्र तयार झालेलं रताळं जमिनीत ठेवू नये. रताळं पोसताना माती भेगाळते आणि त्या भेगांतून सोंडे आत शिरतात. सोंडा लागलेलं रताळं कडू होतं, ते जनावरांनाही घालू नये. म्हणून भेगा दिसताच माती चढवावी. त्याच जागी सलग दुसऱ्या वर्षी रताळं लावू नये. काढणीनंतर वेल आणि किडकी रताळी वाफ्यात न ठेवता बाहेर काढून जाळावीत किंवा खोल पुरावीत.

काढणीआधी आठवडाभर पाणी तोडावं. काढलेली रताळी न धुता, हवेशीर सावलीत चार-पाच दिवस पसरून ठेवावीत. साल घट्ट होते, खरचटलेली जागा भरून येते आणि गोडीही वाढते.

सुरण : झाड स्वतःहून आडवं पडू द्यावं

सुरणाला घाई चालत नाही. लागवड एप्रिल-मे पासून पहिल्या पावसापर्यंत. दोन फूट लांब-रुंद आणि दीड फूट खोल खड्डा घ्यावा. त्यात माती, कुजलेलं शेणखत आणि मूठभर राख भरावी. पाव ते अर्धा किलोचा तुकडा लावावा. तुकडा करताना मधल्या मोठ्या डोळ्याचा थोडा-थोडा भाग प्रत्येक तुकड्याला आला पाहिजे, नाहीतर उगवायला फार वेळ लागतो. कापलेले तुकडे शेणाच्या काल्यात बुडवून एक दिवस सावलीत सुकवावेत आणि मग लावावेत. दोन खड्ड्यांत तीन फूट अंतर पुरे. वर पालापाचोळ्याचं आच्छादन टाकावं.

सात ते नऊ महिन्यांनी पानं पिवळी पडतात, देठ लोळतो आणि झाड स्वतःहून आडवं पडतं. तीच काढणीची खूण. झाड हिरवं असताना काढलेला सुरण नीट पोसलेला नसतो आणि टिकतही नाही. अर्धा किलोच्या तुकड्यापासून चांगल्या मातीत दोन-अडीच किलोचा गड्डा सहज मिळतो. पहार थेट झाडाच्या बुंध्यात न घालता फूटभर लांबून माती सैल करत यावं. पहारीचा घाव लागलेला सुरण आधी खाऊन टाकावा. न दुखावलेला सुरण कोरड्या, हवेशीर जागी काही महिने राहतो.

सुरणाची खाज त्यातल्या सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे येते. सोलताना हाताला तेल लावावं. शिजवताना आमसूल किंवा चिंच घालावी आणि चांगला मऊ शिजेपर्यंत उतरवू नये. ‘गजेंद्र’ या जातीला खाज जवळजवळ नसते. नव्याने लावणाऱ्यांनी तीच बघावी. परसातला जुना खाजरा सुरणही टाकाऊ नाही, पण तो कच्चट राहता कामा नये.

अळकुड्या : पानं की कांदे, आधी ठरवा

अळवाचे प्रकार वेगळे. वडीचं अळू पानांसाठी, भाजीचं अळू देठ-पानांसाठी आणि अळकुड्यांचं अळू खालच्या कांद्यांसाठी. एकाच झाडाची आठवड्याला पानं काढायची आणि वर्षअखेर अळकुड्याही भरपूर हव्यात, हे जमत नाही. पानं गेली की कांदा पोसणार कशावर?

लागवड मे अखेर ते जून. सुपारीएवढा कांदा दोन इंच खोल, दीड फूट बाय एक फूट अंतरावर लावावा. दोनदा माती चढवावी. पाच-सहा महिन्यांनी पानं लहान व्हायला लागून पिवळी पडली की खणावं. मधला मोठा गड्डा आणि भोवतीच्या अळकुड्या वेगळ्या कराव्यात. यालाही खाज असते, त्यामुळे आमसुलाचा नियम इथेही.

कोनफळ, कणगी, करांदे : वेल वाळला की खणायचं

ही तिन्ही वेलवर्गीय पिकं. कोकणात त्यांना वेगळा वाफा लागत नाही. कुंपणाला, शेवग्याच्या किंवा भेंडाच्या झाडाला, नाहीतर बांबूला वेल चढवून देतात. मे महिन्यात खड्डे भरून ठेवावेत आणि पहिल्या पावसाला लावावं. कोनफळाचा सालीसकट पाव किलोचा तुकडा, तर कणगीचा अख्खा लहान कंद लावतात. कणगीला बुडाशी एकाच जागी पुष्कळ लहान कंद धरतात, त्यांची चव रताळ्याच्या अंगाने जाणारी. करांदे मातीत कमी आणि वेलावर जास्त. पानाच्या बगलेत लटकतात आणि तयार झाले की आपोआप गळतात. रोज सकाळी वेलाखाली बघून वेचावेत.

पावसानंतर पानं पिवळी पडून वेल वाळतो. नोव्हेंबर अखेर ते जानेवारी हा खणण्याचा काळ. वाळलेला वेल लगेच ओढून टाकू नये. वेल निघून गेला की कंद नेमका कुठे आहे ते सापडत नाही. खुणेला तिथे काठी रोवून ठेवावी.

इथे एक सावधगिरी जिवाची आहे. परड्यात पिढ्यान्‌पिढ्या लावलेले करांदे वेगळे आणि रानातले कडू कंद वेगळे. दिसायला पुष्कळ सारखे. रानातले काही कंद विषारी असतात. जाणकार माणसं ते चिरून, वारंवार पाण्यात ठेवून, उकडून मगच खातात. माहीत नसलेला कंद केवळ ओळखीचा वाटतो म्हणून घरी आणून शिजवू नये. उकडल्यावरही कडू लागला तर तो घास थुंकून बाकीचं टाकून द्यावं. खाल्ल्यावर उलट्या, चक्कर किंवा तोंडाला जळजळ सुरू झाली तर घरगुती उपायात वेळ न घालवता जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावं आणि उरलेला कंद सोबत न्यावा.

रानडुक्कर आलं तर

माकडं फळं नेतात, कंद फारसे उकरत नाहीत. म्हणून बरेच जण कंदांकडे वळले. पण रानडुक्कर आणि साळींदर यांना कंदाचा वास लागतो आणि एका रात्रीत वर्षाची मेहनत जाते. यावर साधा उपाय म्हणजे कंद घराच्या अगदी जवळ, पडवीच्या बाजूला लावणं. जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा घातला तर डुक्कर सहसा थांबतं. तयार झालेला कंद ‘असू दे आणखी आठ दिवस’ म्हणून मातीत ठेवला की नुकसानीची शक्यता वाढते.

कुंपणाच्या तारेत घरची वीज सोडण्याचा प्रकार मात्र कुणीही करू नये. तो गुन्हा आहे आणि त्यात माणसं, गुरं मेली आहेत. अंधारात परड्यात सगळ्यात आधी जाणारा माणूस बहुतेक वेळा घरातलाच असतो.

वर्षाचा हिशोब

एप्रिल-मे : खड्डे, वाफे, गोण्या भरणं. सुरण लावणं.
जून : अळकुड्या, कोनफळ, कणगी, करांदे, पावसाळी रताळं.
जुलै-ऑगस्ट : पाणी तुंबू न देणं, माती चढवणं, वेलांना आधार.
सप्टेंबर-नोव्हेंबर : मुळा, गाजर, बीट पेरणं. पावसाळी रताळं काढणं, दुसरं लावणं.
डिसेंबर-जानेवारी : अळकुड्या, कोनफळ, कणगी, सुरण खणणं. मुळा-बीट खाणं.
फेब्रुवारी-मार्च : गाजर आणि हिवाळी रताळं काढणं. आषाढीचं रताळं लावणं.

बियाणं आधी बाजूला काढावं

मुळा, गाजर, बिटाचं बी कृषी सेवा केंद्रात पाकिटात मिळतं. कणगी, करांदे, घरचा सुरण यांचं तसं नाही. ते एका घरातून दुसऱ्या घरात जातात. ज्या घरांना कुलूप लागलं, त्या परड्यांतलं बियाणंही मातीतच संपलं. त्यामुळे काढणी झाली की खाण्याआधी बियाण्याचा वाटा वेगळा काढावा. मध्यम आकाराचे, घाव न लागलेले, निरोगी कंद निवडावेत. कोरड्या जागी राखेत किंवा वाळूत, एकमेकांना न चिकटता ठेवावेत. महिन्यातून एकदा हात फिरवून मऊ पडलेला कंद काढून टाकावा, नाहीतर तो शेजारचे चार कुजवतो.

आपल्याकडे एखाद्या कंदाचं बियाणं नसेल तर वाडीतल्या वयस्कर बायकांना विचारावं. कोणाच्या परड्यात काय आहे आणि ते केव्हा लावतात याची माहिती त्यांच्याइतकी कोणाकडे नसते. मे महिन्यात दोन कंद मागून आणले तर पुढच्या जानेवारीत चार परत करता येतात.